नवीन सिस्टर-ब्रदरांसाठी: बाळंतीण आणि वयस्कर पेशंट, औषध कसं द्यायचं आणि नंतर काय बघायचं

जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग झालं, रजिस्ट्रेशन झालं, पहिली नोकरी लागली आणि पंधरा दिवसांत नाईटला अख्खा वॉर्ड एकटीवर आला, हे आपल्याकडे सर्रास होतं. एका बाजूला सिझरच्या तीन बायका, पॅसेजच्या पलीकडे मेडिसिनचे सात-आठ आजी-आजोबा, मावशी खाली लॅबला गेलेली आणि फोन वाजतोय. मी एकवीस वर्षं हे काम करतेय, त्यातली बरीच तालुक्याच्या गावी, म्हणून जे मला त्या पहिल्या महिन्यात कुणीतरी शेजारी बसवून सांगायला हवं होतं ते सगळं इथे लिहितेय. तुमच्या हॉस्पिटलचा प्रोटोकॉल थोडा वेगळा असेल तर तो पाळा, डोस डॉक्टर ठरवणार, पण बघायचं काय ते सगळीकडे सारखंच आहे.

हे दोन पेशंट मी एकत्र का घेतले तर दोघांमधे औषध वेगळं वागतं. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईला दिलेलं औषध दोन जिवांपर्यंत जाऊ शकतं. म्हाताऱ्या माणसाची किडनी मंदावलेली असते, त्यामुळे तेवढाच डोस अंगात जास्त वेळ राहतो. आणि दोघंही तक्रार करत नाहीत. बाळंतीण म्हणते बाळंतपणात एवढं होतंच, आजोबा म्हणतात पोरांना कशाला त्रास. म्हणून नुसतं "काही त्रास नाही ना?" विचारून पुढे गेलात तर उत्तर "नाही"च येणार. औषध दिलं की अर्धंच काम झालं, परत त्या बेडजवळ जाऊन हात लावून बघायचं हे उरलेलं अर्धं, आणि माझ्या अनुभवात बहुतेक घोळ या उरलेल्या अर्ध्यातच होतात.

ट्रॉली ढकलायच्या आधी

सुरुवात पेशंट ओळखण्यापासून. "तुम्ही शिंदेताई ना?" असं कधीच विचारू नका, ऐकू कमी येणारी आजी कशालाही मान हलवते. "तुमचं पूर्ण नाव सांगा" असं विचारा आणि ते केसपेपरशी, आयपीडी नंबरशी जुळवा. बेड नंबरवर तर अजिबात भरवसा नको, कारण रात्री पंखा नीट लागत नाही म्हणून नातेवाईक आपापसात बेड बदलून घेतात आणि आपल्याला कुणी सांगत नाही. एकाच आडनावाच्या दोन बायका वॉर्डात असतील तर दोघींच्या पेपरवर लाल पेनने मोठ्ठं लिहून ठेवा.

मग तेच शाळेत पाठ केलेलं, बरोबर पेशंट, बरोबर औषध, बरोबर डोस, बरोबर मार्ग, बरोबर वेळ. पाठ सगळ्यांनाच असतं, पण मी सांगते ते करून बघा, लेबल तीनदा वाचा: कपाटातून काढताना, लोड करताना आणि बेडजवळ टोचायच्या आधी. बेडजवळचं तिसरं वाचन सगळे गाळतात.

ट्रीटमेंट शीटच्या वरच्या कोपऱ्यात चार गोष्टी लिहिलेल्या पाहिजेत, ॲलर्जी, वजन, गरोदर आहे की अंगावर पाजतेय, आणि वयस्कर असेल तर शेवटचं क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी). नसतील तर तुम्ही लिहा, कुणी रागावत नाही. अक्षर लागत नसेल तर अंदाज करायचा नाही, फोन करायचा, सर झोपेत असले तरी. इन्सुलिनच्या आकड्यापुढे यूनिटसाठी नुसतं इंग्रजी यू अक्षर लिहिलं की ते शून्यासारखं दिसतं आणि 4 चे 40 वाचले जातात, म्हणून "यूनिट" पूर्ण लिहा. पॉईंट पाच लिहिताना आधी शून्य लिहा, 0.5, नाहीतर तो टिंब दिसत नाही आणि 5 जातं.

फोनवर ऑर्डर मिळाली तर आधी लिहायची, मग लिहिलेलं परत वाचून दाखवायचं, सर हो म्हणाले की मग द्यायचं, सकाळी राऊंडला सही घ्यायची.

लोड केलेल्या सिरिंजला चिकटपट्टी लावून नाव, डोस, वेळ लिहा. दुसरीने लोड केलेलं इंजेक्शन आपण टोचायचं नाही, ती कितीही सिनियर असो.

आणि केसीएल. पोटॅशियम क्लोराईडचं ॲम्प्युल डिस्टिल्ड वॉटरच्या ॲम्प्युलसारखंच साधं पारदर्शक दिसतं आणि ते डायरेक्ट शिरेत दिलं तर हृदय बंद पडतं. ते पातळ करूनच, सलाईनमधूनच, साध्या वॉर्डात तासाला 10 मिलिइक्विव्हॅलंटच्या वर नाही. तुमच्या वॉर्डात ते बाकीच्या ॲम्प्युलच्या ट्रेमधे पडलं असेल तर आजच वेगळ्या डब्यात काढा आणि वर लाल अक्षरात लिहा. मी प्रत्येक नव्या जागी गेले की पहिल्या दिवशी हेच करते, चहा नंतर.

लेबररूम आणि नंतरचे दोन तास

ऑक्सिटोसिन हे गर्भपिशवी आवळणारं औषध जीव वाचवतं आणि तेच हलगर्जीपणे दिलं तर गर्भपिशवी फाटते. दोन प्रसंग डोक्यात स्वच्छ वेगळे ठेवा. बाळ बाहेर यायच्या आधी ते फक्त सलाईनमधून, मोजलेल्या थेंबांनी, डॉक्टरांच्या ऑर्डरने. कळा वाढवायच्या म्हणून आयएम, म्हणजे स्नायूत, टोचायचं नाही, नातेवाईक "सिस्टर, काहीतरी करा ना, लवकर सोडवा" म्हणून कितीही मागे लागले तरी ड्रिप आपल्या मनाने वाढवायची नाही. पोटावर हात ठेवून दहा मिनिटं कळा मोजा, पाचपेक्षा जास्त आल्या किंवा बाळाचे ठोके बिघडले तर ड्रिप बंद करून मग फोन करायचा, फोन करून मग बंद नाही. बाळ बाहेर आल्यानंतर मात्र, पोटात दुसरं बाळ नाही ना हे चाचपून, एका मिनिटाच्या आत 10 यूनिट आयएम, हे प्रत्येक आईला.

ऑक्सिटोसिन फ्रीजमधे 2 ते 8 डिग्रीला ठेवायचं. लेबररूमच्या ट्रेमधे उन्हाळाभर पडलेलं ॲम्प्युल टोचून काम करेलच असं नाही, आणि आपण म्हणत बसतो इंजेक्शन दिलं तरी ब्लीडिंग थांबेना.

मेथर्जिन हेही गर्भपिशवी आवळून ब्लीडिंग थांबवायचं इंजेक्शन, पण बीपी बघितल्याशिवाय त्याला हात लावू नका. बीपी जास्त असलेल्या बाईला ते चालत नाही. आणि इथेच एक गोष्ट कळकळीने सांगते, आईचा ट्रे आणि बाळाचा ट्रे वेगळा ठेवा. बाळाला जन्मल्यावर व्हिटॅमिन के द्यायचं असतं, 1 एमजी आयएम, आणि त्याच ट्रेमधे छोटंसं मेथर्जिनचं ॲम्प्युल असलं तर घाईत बाळाला मेथर्जिन टोचलं गेल्याच्या घटना जगभर झालेल्या आहेत. तसंच ट्रॅनेक्सा (ब्लीडिंग थांबवायचं ट्रॅनेक्सामिक ॲसिड) आणि स्पायनलची भूल, दोन्ही ॲम्प्युल सारखी दिसू शकतात, ओटीत ती एका ट्रेमधे नकोतच.

आता परत जाऊन बघणं. बाळंतपणानंतरचे पहिले दोन तास दर 15 मिनिटांनी जायचं. नाडी, बीपी, मग चादर बाजूला करून पॅड बघायचं, मग पोटावर हात. गर्भपिशवी बेंबीच्या आसपास नारळासारखी टणक लागली पाहिजे. पिठाच्या गोळ्यासारखी मऊ लागली तर तिथेच गोल गोल चोळायला लागा आणि मदतीला हाक मारा. बेंबीच्या वर सरकलेली, उजवीकडे कललेली लागली तर बहुतेक लघवी तुंबलीये, आधी लघवी करवा किंवा कॅथेटर घाला, नाहीतर ती आवळणारच नाही. पाठीखाली हात घालून बघा, पॅड कोरडं दिसतं आणि रक्त कमरेखालून गादीत मुरत असतं. मी हे अगदी सुरुवातीला एका छोट्या हॉस्पिटलात शिकले, बाई शांत झोपलेली दिसत होती, पॅड ठीक होतं, मी पुढे गेले, आणि दहा मिनिटांनी सिनियर सिस्टरने चादर उचलली तर खालची मेणकापड लालभडक. बाई वाचली कारण ताईंनी हात घातला, माझ्यामुळे नाही. तेव्हापासून मी पाठीखाली हात घातल्याशिवाय पुढच्या बेडला जात नाही.

रक्त मोजायची सोपी युक्ती म्हणजे पॅड वजन करणं. कोरड्या पॅडचं वजन एकदा करून भिंतीवर लिहून ठेवा, भिजलेल्यातून वजा करा, 1 ग्रॅम म्हणजे साधारण 1 एमएल. 500 एमएलच्या वर गेलं की पीपीएच, म्हणजे बाळंतपणानंतरचा अति रक्तस्राव. पण आपल्याकडच्या हिमोग्लोबिन सात-आठच्या बायकांना तेवढंही झेपत नाही, म्हणून आकड्याची वाट बघू नका, नाडी पळायला लागली, ओठ पांढरे पडले, घाम आला की हाक मारा. ट्रॅनेक्सा द्यायचं ठरलं तर 1 ग्रॅम शिरेतून 10 मिनिटांत सावकाश, आणि बाळंतपण झाल्यापासून 3 तासांच्या आत.

बीपीवाली बाई आणि मॅगसल्फ

बीपी 140/90 च्या वर म्हणजे लक्ष, 160/110 म्हणजे पळा. डोकं दुखतंय, डोळ्यापुढे अंधारी येते, पोटात वरच्या बाजूला दुखतंय असं म्हणाली तर ॲसिडिटी म्हणून पॅन देऊन मोकळं होऊ नका. आणि झटके बाळंतपण झाल्यावरसुद्धा येतात, "आता मोकळी झाली" म्हणून बीपी बघणं सोडू नका.

मॅगसल्फ म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, हे झटके थांबवायचं आणि टाळायचं औषध. त्याचं आपल्याकडचं ॲम्प्युल 2 एमएलचं, 50 टक्क्यांचं, म्हणजे एका ॲम्प्युलात 1 ग्रॅम. गोंधळ इथेच होतो कारण डोस ग्रॅममधे सांगतात आणि आपण एमएलमधे लोड करतो. प्रिचर्ड पद्धतीत 4 ग्रॅम शिरेतून द्यायचं असेल तर 4 ॲम्प्युल म्हणजे 8 एमएल, त्यात 12 एमएल नॉर्मल सलाईन, एकूण 20, आणि अगदी सावकाश, निदान 5 मिनिटं. त्याच्यासोबत दोन्ही कुल्ल्यांत 5-5 ग्रॅम खोल आयएम. पीएचसीला असाल आणि पुढे पाठवायचं असेल तर ऑर्डरप्रमाणे ते आयएमचे 10 ग्रॅम देऊन, डाव्या कुशीवर झोपवून, सोबत कोणीतरी शिकलेलं माणूस देऊन 108 ने पाठवा, आणि चिठ्ठीवर किती ग्रॅम किती वाजता दिले ते लिहा, नाहीतर पुढच्या हॉस्पिटलात परत पूर्ण डोस जाईल.

पुढचा 5 ग्रॅम दर चार तासांनी, पण प्रत्येक वेळी आधी तीन गोष्टी: श्वास मिनिटाला 16 किंवा जास्त, गुडघ्यावर हातोडी मारली की पाय उडतोय, आणि युरोबॅगमधे तासाला निदान 30 एमएल लघवी. तिन्हीतली एक जरी नसेल तर इंजेक्शन थांबवा आणि डॉक्टरांना बोलवा. श्वास मोजताना पूर्ण मिनिट घड्याळात बघून मोजा, 15 सेकंद मोजून चारने गुणू नका. मॅगसल्फवरचा उतारा म्हणजे कॅल्शियम ग्लुकोनेट, त्याचं 10 एमएलचं ॲम्प्युल आणि सिरिंज त्याच बेडच्या लॉकरवर ठेवायची, कपाटात नाही, कारण श्वास मंदावल्यावर कपाटाची किल्ली शोधायला वेळ नसतो.

ॲलर्जी, आणि एक सवय जी मोडायला हवी

सिझरनंतर अँटिबायोटिक सुरू असतात, पहिला डोस देऊन लगेच निघून जाऊ नका, दहा मिनिटं तिथेच आसपास राहा, बाजूच्या बेडचं बीपी घ्या हवं तर. अंगावर गांधी उठल्या, घशात आवळलं, बीपी पडलं तर आपल्याकडे हात पहिला एव्हिल (ॲलर्जीचं इंजेक्शन) आणि हायड्रोकॉर्टकडे (स्टिरॉईड) जातो. आधी औषध बंद, मदतीला हाक आणि ॲड्रिनॅलिन, मोठ्या माणसाला 0.5 एमएल मांडीच्या बाहेरच्या बाजूला आयएम, एव्हिल-हायड्रोकॉर्ट नंतर. हे तुमच्या वॉर्डात ऑर्डरशिवाय देता येतं का हे पहिल्याच दिवशी इन्चार्जना विचारून ठेवा आणि ॲम्प्युल कुठे आहे ते डोळे मिटून सापडलं पाहिजे.

बाळंतिणीला घरी पाठवताना

लोहाची गोळी, 60 एमजी लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडवाली, बाळंतपणानंतरही 180 दिवस रोज, हे बऱ्याच जणींना माहीत नसतं, त्यांना वाटतं ती पोटात बाळ असतानाच. कॅल्शियम 500 एमजी दिवसातून दोनदा जेवणानंतर. दोन्ही एकत्र घेतल्या तर लोह नीट लागत नाही, मधे निदान दोन तास हवेत. लोहाची गोळी चहासोबत नको, दुधासोबत नको, लिंबूपाण्यासोबत चांगली. संडास काळी होते हे आधीच सांगा, नाहीतर दोन दिवसांत घाबरून सोडून देतात. थायरॉईडची गोळी असेल तर ती सकाळी उपाशीपोटी, आणि लोह-कॅल्शियमपासून चार तास लांब.

साध्या तापाच्या, दुखण्याच्या गोळीसाठी अंगावरचं दूध बंद करायला सांगू नका, पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन चालतं. ट्रॅमाडॉल, कोडीन टाळतात कारण बाळ सुस्तावतं, श्वास मंदावू शकतो. गरोदर बाईने मात्र दुखण्याच्या गोळ्या मेडिकलमधून आपल्या मनाने घ्यायच्या नाहीत, डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन शेवटच्या महिन्यांत नकोच, त्यातल्या त्यात पॅरासिटामॉल. आणि बीपीसाठी रामिप्रिल, एनालाप्रिल, फिटसाठी व्हॅल्प्रोएट असं काही आधीपासून चालू असेल तर लगेच मॅडमना सांगा, हे गर्भाला घातक आहेत, पण पेशंटला "बंद कर" असं आपण परस्पर सांगायचं नाही, फिटची गोळी एकदम बंद केली तर झटका येतो.

घरच्या आजीशी भांडू नका. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, तेल लावून मालीश, यात वाईट काही नाही. शेक-शेगडी खोलीचं दार बंद करून, कोळशावर, हे मात्र नको, धूर बाळाच्या छातीत जातो. पाणी तोडू नका म्हणावं, दूध कशाचं येणार मग. बाळगुटी सहा महिने नको, हे आजीला थेट न सांगता मी सांगते, "आजी, तुम्ही उगाळायला बसता तो वेळ सूनबाईला झोपू द्या, बाळाला घेऊन बसा," बहुतेक ऐकतात. ताप 100.4 च्या वर, दुर्गंधी येणारा स्राव, एका पायालाच सूज आणि दुखणं, तासाभरात पॅड भिजणं, सतत रडू येणं, बाळाकडे बघावंसं न वाटणं, यातलं काहीही झालं तर परत या असं नवऱ्यासमोर सांगा, कारण गाडी काढणारा तो असतो.

आजी-आजोबांकडे वळूया: आधी पिशवी उघडा

म्हातारा पेशंट ॲडमिट झाला की पहिलं काम, घरच्या गोळ्यांची पिशवी मागवा आणि बेडवर ओता. "कोणत्या गोळ्या घेता?" विचारलं तर "एक पांढरी बीपीची, एक गुलाबी" एवढंच कळतं. मागे एक आजोबा चक्कर येऊन पडले म्हणून आले होते. झोपवून बीपी 132, उभं करून तीन मिनिटांनी 98. सुनेने श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यातून गोळ्या आणल्या, मी टेबलवर एकेक पट्टी मांडली. त्यात बीपीची टेल्मा 40 होती आणि जनऔषधीतून आणलेली टेल्मिसार्टन 40 पण होती, दोन्ही रोज सकाळी. मुलगा पैसे वाचावेत म्हणून जनऔषधीत गेला, योग्यच केलं, पण जुनी पट्टी संपेपर्यंत टाकायची कशाला म्हणून आजोबा दोन्ही घेत राहिले. एकच औषध, दोन नावं. शिवाय एक पट्टी अर्धी कापलेली, तिच्यावर नाव नाही की एक्सपायरी नाही, फक्त मेडिकलवाल्याने स्केच पेनने केलेल्या दोन रेघा. सरांना दाखवलं, त्यांनी एक बंद केली, पुढचे दोन दिवस मी रोज झोपवून आणि उभं करून बीपी घेतलं, तिसऱ्या दिवशी आजोबा काठी न घेता पॅसेजमधे गेले.

तर पद्धत अशी, सगळ्या पट्ट्या ओता, ब्रँडच्या खाली बारीक अक्षरातलं मूळ नाव वाचा, तेच नाव दोनदा येतंय का बघा, सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल आहे का बघा कारण वर डोलो (तीही पॅरासिटामॉलच) पण चालू असते, आयुर्वेदिक चूर्ण, कंबरदुखीच्या पुड्या, झोपेची गोळी हे मुद्दाम विचारा कारण त्याला ते औषध समजत नाहीत. यादी करून सरांपुढे ठेवा. बंद काय करायचं ते ते ठरवतील.

काही औषधं म्हाताऱ्या माणसात विशेष त्रास देतात. झोपेची अल्प्राझोलाम, डायझेपाम, ॲलर्जीची एव्हिल, फेनरगन, या घेतल्या की रात्री लघवीला उठताना तोल जातो आणि खुबा मोडतो, वर डोकं भ्रमिष्टासारखं होतं. डायक्लोफिनॅकसारखी दुखण्याची गोळी किडनी आणि पोट दोन्ही बिघडवते. डायबेटिसची ग्लिबेनक्लामाईड साखर खूप वेळ खाली ठेवते. डॉक्टर मार्क बिअर्स यांनी 1991 मधे वयस्करांना टाळायच्या औषधांची पहिली यादी केली, अजून ती सुधारून वापरतात, तुमच्या सरांना विचारा, वॉर्डात छापून लावता येईल.

सांधेदुखीवाल्यांची मेथोट्रेक्सेट ही गोळी आठवड्यातून एकदाच असते. चुकून रोज दिली तर तोंडात फोड येतात, रक्तपेशी पडतात, माणूस जातो. शीटवर रोजच्या रकान्यात दिसली तर थांबा आणि विचारा, आणि लिहिताना वार लिहा, "फक्त सोमवारी". डिगॉक्सिन या हृदयाच्या गोळीच्या आधी छातीवर स्टेथो लावून पूर्ण मिनिट ठोके मोजा, 60 च्या खाली असतील तर गोळी ठेवून द्या आणि कळवा.

इन्सुलिन: टोपीचा रंग

यावर मी जास्त वेळ घेणार कारण इथे चूक दिसत नाही आणि जीव जातो. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या बहुतेक एका एमएलमधे 40 यूनिटच्या मिळतात आणि पेनच्या कार्ट्रिजमधे 100 यूनिट असतात. सिरिंजही दोन, लाल टोपीची 40 ची, केशरी टोपीची 100 ची. 40 च्या बाटलीतून केशरी टोपीच्या सिरिंजने 20 च्या रेघेपर्यंत घेतलं तर पेशंटला जातात फक्त 8 यूनिट, साखर खाली येत नाही आणि डॉक्टर डोस वाढवत बसतात. उलट झालं, 100 चं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजने 20 पर्यंत घेतलं, तर जातात 50. म्हणून बाटलीवरचा आकडा आणि टोपी दोन्ही मोठ्याने वाचा आणि पेनच्या कार्ट्रिजमधून सिरिंजने कधीच काढू नका. 30/70 चं गढूळ इन्सुलिन तळहातात हळूहळू फिरवून एकसारखं करा, गदागदा हलवू नका. उघडलेली बाटली चार आठवडे, तारीख लिहून. फ्रीझरमधे नाही. घरी फ्रीज नसेल तर ओल्या वाळूत किंवा पाण्याच्या माठाजवळ ठेवलेल्या मडक्यात नीट राहतं, आमच्याकडचे कितीतरी शेतकरी असंच ठेवतात.

आणि जेवणाचं ताट डोळ्याने दिसल्याशिवाय इन्सुलिन नाही. "डबा येतोय" याला काही अर्थ नसतो, एसटी चुकली की डबा चारला येतो. दिल्यानंतर अर्ध्या तासाने परत जा, जेवले का बघा, ताटात किती उरलं बघा. म्हातारा माणूस घामाघूम, चिडचिडा किंवा एकदम गप्प, बरळतोय, तर वय झालं म्हणू नका, आधी बोट टोचून साखर बघा. 70 च्या खाली आणि शुद्धीत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात, 15 मिनिटांनी परत साखर, मग चपाती-भात. शुद्धीत नसेल तर तोंडात थेंबही घालायचा नाही, डेक्स्ट्रोज शिरेतून, डॉक्टरांना बोलवून.

गोळी गिळवताना, कूस बदलताना

बसवून गोळी द्या, हनुवटी थोडी खाली, पूर्ण पाण्यासोबत, नंतर अर्धा तास बसू द्या. आडवं असताना घशात गोळी घातली की ती छातीत जाते. रायल्स ट्यूब (नाकातून पोटात घातलेली नळी) असेल तर नावापुढे एसआर, एक्सएल, ईआर असलेली, म्हणजे हळूहळू सुटणारी गोळी कुटायची नाही, चोवीस तासांचा डोस एकदम सुटतो, दुसऱ्या स्वरूपात मिळते का विचारा. एकेक गोळी वेगळी कुटून, मधे पाणी, शेवटी 30 एमएल पाण्याने नळी धुवायची, आणि त्याआधी नळी पोटातच आहे ना हे तपासायचं.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी. माकडहाड, टाचा, खुबे आणि डोक्याची मागची बाजू रोज उजेडात बघा. लाल ठिपक्यावर बोट दाबून सोडल्यावर तो पांढरा झाला नाही तर जखम सुरू झालीये समजा. त्या लाल भागावर चोळायचं नाही, रबरी रिंग घालायची नाही, टाचा उशीच्या बाहेर अधांतरी राहतील अशी पिंढरीखाली उशी द्या. डायपर ओला राहू देऊ नका. नातेवाइकाला एकदा तुमच्यासोबत कूस बदलायला लावा, घरी तोच बदलणार आहे.

कालपर्यंत नीट बोलणारी आजी रात्रीत "मला घरी जायचंय, गाई सोडायच्यात" म्हणत सुई ओढायला लागली तर तिला बांधायची घाई करू नका. लघवी तुंबलीये का, संडास झाली का, ताप, साखर, ऑक्सिजन, आणि नवीन कोणती गोळी काल चालू झाली ते बघा. चष्मा आणि कानाचं मशीन लावा, छोटा दिवा राहू द्या, ओळखीचं माणूस जवळ बसवा.

चूक झाली तर

होणार, कधी ना कधी प्रत्येकीकडून. त्या क्षणी पहिलं पेशंट बघा, बीपी, नाडी, श्वास, साखर. मग लगेच डॉक्टरांना खरं सांगा, काय दिलं, किती, किती वाजता. केसपेपरवर जे झालं ते आणि झालं त्या वेळेनेच लिहा, खाडाखोड नाही. रिकामं ॲम्प्युल, सिरिंज फेकू नका. मी एका ठिकाणी होते तिथे चूक सांगितली की पगार कापायचे, त्यामुळे कुणीच सांगायचं नाही आणि तीच चूक तीन वेगवेगळ्या मुलींकडून झाली, तीच बाटली, तोच कप्पा. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मधे औषधांमुळे होणारी इजा कमी करायची मोहीम सुरू केली तेव्हा तीन गोष्टींवर भर दिला, जोखमीचे प्रसंग, एका माणसाला खूप औषधं, आणि पेशंट एका जागेवरून दुसऱ्या जागी जातो ती वेळ. आपली हँडओव्हर आणि डिस्चार्ज म्हणजे ही तिसरी, म्हणून हँडओव्हर बेडजवळ उभं राहून द्या, टेबलवर बसून नाही.

औषधाची रिॲक्शन आली, चूक नसली तरी, ती कळवायची असते. भारतात यासाठी फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्रॅम आहे, गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडून चालतो, टोल फ्री नंबर 1800-180-3024, नर्सही कळवू शकते आणि पेशंटही.

डिस्चार्जच्या वेळी एक कोरा कागद घ्या, त्यावर सूर्य, मधोमध ताट आणि चंद्र काढा, प्रत्येकाखाली त्या वेळची एकेक गोळी चिकटपट्टीने पट्टीसकट लावा, बंद झालेल्या गोळ्या वेगळ्या पाकिटात घालून वर "घ्यायच्या नाहीत" लिहा, आणि मग आजीलाच विचारा, "सकाळी कुठली घेणार, दाखवा बरं." आजीचं बोट बरोबर गोळीवर गेलं की सही घ्या.